सहा माणसं, सात दगड

जुन्नर
१४ नोव्हेंबर २०२३

चिमाबाई यांस,

सप्रेम नमस्कार. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लहानपणी आवाज चढवू दिला नाही, ते अंगात राहिलं. म्हणून पत्र.

मी शरयू पडवळ. तुमच्या जाऊबाई, कै. बायडाबाई, माझ्या महाळुंग्याच्या चुलतबहीण. त्यांच्या दहाव्याला आपण शेजारी बसलो होतो आणि मी पेन्शनीत निघाले का, असं तुम्ही मला तीनदा विचारलं होतंत. निघाले. पुण्याच्या एका संग्रहालयात पस्तीस वर्षं वस्तूंच्या नोंदी करून निघाले, आणि स्वस्थ बसायचं सोडून इथल्या विमान स्मारक समितीत अडकले.

काम तुमच्या माळावरच्या इंजिनाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात, चव्वेचाळीसच्या श्रावणात, ढगात वाट चुकलेलं लष्करी विमान आण्याच्या पठारावर पडलं आणि आतली सहाही माणसं गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. पत्रे गावाने गव्हाणींना मारले, बाकीचं भंगारात गेलं. उरलं ते एक इंजिन आणि त्याची वाकलेली पाती. ते जुन्नरला आणून, सहा जणांची नावं लावून स्मारक करायचं, यासाठी आमची समिती सात वर्षं चहा पिते आहे. आता पुनमचंद शेठजींनी बाजारपेठेतलं गोदाम दिलं आहे. क्रेन २८ तारखेला येईल.

इंजिनाशेजारचे शेंदूर लावलेले दगडही आम्ही नेणार आहोत. खाली काही कोरलेलं असेल तर बघायला हवं, म्हणून शेंदूर खरवडावा लागेल. मी ते दगड मागे मोजले होते. सात भरले. विमानात माणसं सहा. माझ्या वहीत मी 'गावकऱ्यांची मोजणीची चूक' अशी नोंद केली आहे.

सहकार्य कराल ही अपेक्षा.

शरयू पडवळ


आणे
२९ नोव्हेंबर

शरयूताई यास,

चिमाबाईचा रामराम. तुमचं पत्र अन् तुमची क्रेन एकाच दिशी आली. पत्र वाचूस्तवर क्रेन बांधावर.

क्रेनवाला भरत म्हणून हाय. म्हणला, "आजी, इंजान उचलायचंय." मी म्हणलं, "पावणं, आधी चहा घ्या. इंजनात कोंबडी बसलीय अंड्यावर." तो म्हणला, "मंग उठवा की." मी म्हणलं, "तुज्या आईला बाळंतपणात उठवली व्हती का रं कुणी?" बिचारा गप चहा प्याला. मंग दगडांकडं बघून पायातलं काढलं अन् हात जोडलं. "आजी, मॅडमला काय सांगू?" म्हणला. मी म्हणलं, सांग, कोंबडी उठंना. ऊन उतरलं तसा बिबट्याच्या भ्यानं गेला निघून.

ताई, इंजान न्या. कोंबडी उठली की न्या. पर दगडाला हात लावू नका. ते मुंजे हायेत. बिनलग्नाचा गडी गेला की त्याचा जीव घुटमळतो, म्हणून त्याला जागा करून देत्यात. साहेब असला म्हणून काय झालं, बिनलग्नाचा तो बिनलग्नाचाच. जो जिथं घावला तिथं त्याचा दगड. दर अमुशाला आमी चहा-बिस्कीट ठिवतो. भाकरी ठिवली तर कावळा शिवत न्हाई.

शेंदूर तर नखानं बी काढायचा न्हाई. हे लिवून घ्या तुमच्या वहीत.

मोजणीचं तुमी लिवलं ते वाचलं. आमाला मोजता येतं.

तुमी बी बिनलग्नाच्या. पर बाईमाणसाला मुंजा व्हता येत न्हाई. तुमची सोय कुठं लावायची ते आत्ताच बघून ठिवा.

चिमाबाई


जुन्नर
६ डिसेंबर

चिमाबाई यांस,

माझी सोय मी लावून ठेवली आहे. देहदानाचा फॉर्म भरला आहे. मेल्यावर मेडिकल कॉलेजात जाणार. मला कोणी दगड बसवू नये.

काल सभेत शेठजींनी विचारलं, "बाई, एका कोंबडीने स्मारक अडवलं हे इतिवृत्तात कसं लिहायचं?" मी म्हटलं, घडलं तसं. पण मला हसू येत नाही. चिमाबाई, मी दमले आहे. गुडघा सुजलेला असतो. पंचायतीत गेलं की तहसीलमध्ये जा म्हणतात, तहसीलमध्ये गेलं की संरक्षण खात्याचं पत्र आणा म्हणतात. आणि सगळ्यांशी भांडून तुमच्यापर्यंत पोचावं तर तिथे कोंबडी.

मी हे कोणासाठी करते ते सांगते. कॅनडात डोरोथी नावाची एक बाई आहे. वय एकोणऐंशी. तिचे वडील वॉल्टर या विमानात रेडिओवर होते. विमान पडलं तेव्हा ती आईच्या पोटात होती. पुढे लष्कराच्या गाडीने तुमच्या माळावरून जे काही उरलं होतं ते एका पेटीत भरून पुण्याला नेलं. सहा जण, एक थडगं. ती चार वर्षांमागे तिथे येऊन गेली. परत जाताना मला म्हणाली, "सहा जणांत माझा बाप कोणता, हे मला कोणीच सांगू शकत नाही. तो जिथे पडला ती हातभर जागा मला कळली असती, तर मी तिथे बसले असते." आता डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला आहे. दर महिन्याला विचारते, काही कळलं का?

कळणार कसं? सहातला तो एकच लग्न झालेला, मार्जोरी हे तिच्या आईचं नाव, एवढं कागदांत आहे. पण कोण कुठे पडला हे कागदांत नाही. या महिनाअखेर तिला मी शेवटचं 'माहीत नाही' असं कळवून टाकणार आहे. खोटी आशा लावण्यापेक्षा ते बरं.

दगड खरवडू दिले असतेत तर निदान प्रयत्न केला असं तरी लिहिता आलं असतं.

शरयू पडवळ


आणे
२२ डिसेंबर

शरयूताई यास,

म्हैना सरायच्या आत हे पत्र घावावं म्हणून एसटीच्या कंडक्टरच्या हातात दिलंय.

त्या बाईला 'म्हाईत न्हाई' लिवू नका. म्हाईत हाय.

मुंजे पाच हायेत. ते पाची लिंबाखाली घावले, तिथंच एका वळीत. उगवतीच्या अंगाला, इंजनापासून धा पावलांवर, एक दगड येगळा हाय बघा. त्यो मुंजा न्हाई. त्याचं लगीन झाल्यालं व्हतं. म्हणून त्याला पोरांच्या वळीत न्हाई आणला, घावला तिथंच ठिवला. आन् त्याच्या डाव्या अंगाला बारका दगड हाय, त्यो तुमचा सातवा. ती त्याची बायकू.

गडी मेला, बायकू लांब ऱ्हायली, तिला कुणी कळवलं का न्हाई कुणास ठावं. माज्या सासऱ्यांनी, सोपानबुवांनी, दगड आणला. म्हणले, ह्याला एकटा ठिवायचा न्हाई. तिला कुंकू लावत न्हाई आमी, कपाळ मोकळं झाल्यालं ना तिचं. नुसता चहा देतो.

दर अमुशाला सात कप. मोजून.

चिमाबाई


जुन्नर
२८ डिसेंबर

चिमाबाई यांस,

तुमचं पत्र काल दुपारी आलं. वाचून मी वही काढली आणि 'मोजणीची चूक' यावर रेघ मारली. पस्तीस वर्षांत मी नोंदीवर रेघ मारलेली नाही. चूक माझी. यापेक्षा मोठी माफी मागायला मला कोणी शिकवलं नाही, एवढ्यावर भागवून घ्या.

डोरोथीला लगेच ईमेल केलं. 'गावात असं म्हणतात' असं लिहिलं. 'असं आहे' असं लिहिता आलं नाही. कारण एक प्रश्न मला सोडत नाही आणि तो विचारल्याशिवाय मी राहणार नाही. जळालेल्या परदेशी माणसाचं लग्न झालेलं आहे, हे चव्वेचाळीस साली आण्याच्या माळावर कोणाला कसं कळलं?

एकाच गोष्टीवरून कळू शकतं. त्याच्या बोटात अंगठी असणार.

लष्कराने नेलेल्या वस्तूंची यादी मी पाहिली आहे. तीत अंगठी नाही. मग ती गेली कुठे?

शरयू पडवळ


जुन्नर
२ मार्च २०२४

चिमाबाई यांस,

दोन महिने झाले. यात्रेला तुमच्याकडची माणसं जुन्नरहून गेली-आली, त्यांच्याकडे निरोप दिला. "म्हातारी काही बोलत नाही," म्हणाली. मी फार टोकाचं विचारलं असेन. मला मऊ विचारता येत नाही.

इकडची बातमी. समितीने ठरवलं आहे की इंजिन मिळत नसेल तर गोदामात थर्माकोलचं विमान टांगायचं. त्याखाली सहा नावं आणि बाराजणांच्या समितीचा फोटो. नावांपेक्षा फोटो मोठा. मी राजीनामा दिला. कोणी थांबवलं नाही.

तेव्हा आता हे पत्र समितीचं नाही. डोरोथीने विचारलं आहे, "गावातली माणसं म्हणतात ते त्यांना कसं कळलं?" तिलाही माझ्यासारखीच खोड आहे. तिला काय सांगू?

शरयू


आणे
१२ मार्च

शरयूताई यास,

तुमी समितीच्या न्हाई म्हणलात म्हणून लिवते. हे पत्र वाचून चुलीत घालायचं का ठिवायचं, ते तुमच्या इमानावर.

अंगठी व्हती. सासऱ्यांनी काढली. तवा ते चोवीस वर्साचे, लगीन होऊन सा म्हैनं झाल्यालं. आमच्यातला बहिरू पलटणीत जाऊन आल्याला. तो म्हणला, साहेबलोकांत बायकूची खूण नवऱ्याच्या बोटात असती. मंग समद्यांना कळलं का ह्यो मुंजा न्हाई.

कशापायी काढली, ते मला ठावं न्हाई. सासरे म्हणायचे, कुणी दुसऱ्यानं मारू नये म्हणून काढली. म्हणायचे, पर डोळं खाली घालून म्हणायचे. मंग गोरे शिपाई आले, गडी वळीनं उभं केलं, बंदुका गेल्यात म्हणून घरंघरं उचकली. सासरे भ्याले. तवा दिली असती तर हातात बेड्या. न्हाई दिली. गाडी गेल्यावर त्याच्या दगडाला शेंदूर लावला अन् अंगठी आत दाबली. वरनं पुन्ना शेंदूर. दर साली एक लेप. ऐंशी झाले.

म्हणून नखानं बी काढू देत न्हाई मी. तुमाला वाटलं म्हातारी अडाणी, देवाला भिती. देवाला न्हाई भीत. 'चोर' ह्या शब्दाला भिते.

बहात्तरच्या दुष्काळात आमी दोगं नवरा-बायकू खडी फोडाया जात व्हतो. माज्या हाताला फोड. घरात सोनं म्हणून गुंजभर न्हाई. सासऱ्यांना ठावं, मला ठावं, का माळावर शेंदरात सोनं हाय. कुणी तिकडं बघितलं न्हाई.

आता तुमी सांगा. ती काढली तर तुमच्या नावांच्या फळ्यावर काय लिवणार? सोपानबुवानं चोरली, हेच ना? माजी नातवंडं तिकडं जुन्नरातच ऱ्हात्यात, त्या फळ्यापुढनं शाळंला जाणार.

चिमा


जुन्नर
१८ मार्च

चिमाबाई,

पत्र चुलीत घातलेलं नाही. माझ्याकडे चूल नाही आणि मी कागद जाळत नाही.

मी खोटं लिहिणार नाही, हे आधी सांगते. 'सापडली' असं लिहिणार नाही. ती आपोआप सापडलेली नाही. संग्रहालयाच्या नोंदीत 'वस्तू कशी आली' असा एक रकाना असतो, आणि त्यात बसेल असा शब्द शोधण्यात माझं आयुष्य गेलं आहे. तुमच्या सासऱ्यांसाठी तीन शब्द आहेत. काढली. भ्याले. सांभाळली. तिन्ही खरे आहेत आणि तिन्ही लिहीन. चौथा शब्द मी लिहिणार नाही, तुमच्यावर दया म्हणून नव्हे, तर तो बसत नाही म्हणून. चोर बहात्तर साली खडी फोडायला सून पाठवत नाही.

काढायची की नाही, ते तुम्ही ठरवा. माझा आग्रह नाही. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहिते आहे.

डोरोथीला फुप्फुसाचा त्रास वाढला आहे. हे दबाव आणायला लिहीत नाही. लपवायचं नाही म्हणून लिहिते.

शरयू


आणे
अखिती, १० मे

ताई यास,

आज अखिती, पितरांचा दिस. म्हणून आजच केलं.

कौल लावला. दगडाच्या दोन्ही अंगाला फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, डावी पडली तर न्हाई, उजवी पडली तर व्हय. आमच्या भावकीतले समदे बसले व्हते बघत. आमचे मालक, गेणभाऊ, असते तर तेच लावते. ते गेल्यापासनं मीच लावते. उजवी पडली.

तुमाला म्हणून सांगते, उजवीला मी पाणी जरा कमीच लावलं व्हतं.

शेंदूर खरवडाया लागला न्हाई. चाकूचं टोक घातलं तशी अख्खी खोळ सुटून आली, नारळाच्या कवटीवानी. आतनं दगड काळा, वल्ला. अंगठी खोळीतच बसल्याली, जशीच्या तशी पिवळी. भावकीतला अमृत म्हणला, "काकी, हे काय?" मी समद्यांदेखत सांगितलं, माज्या सासऱ्यानं काढली, भ्याला, सांभाळली. तुमचेच शब्द. अमृतनं टोपी काढली.

अंगठीच्या आत अक्षरं हायेत. मला इंग्रजी येत न्हाई, दिसतं तसं सांगते. एकीकडं दोन डोंगर. त्यांच्या शेजारी तेच दोन डोंगर पालथे. उलटी धरली तरी तशीच दिसती. सुलटी कंची ते कळंना.

काय लिवलंय?

चिमा


जुन्नर
३ जून

चिमाबाई,

दोन डोंगर म्हणजे एम. मार्जोरी. पालथे डोंगर म्हणजे डब्ल्यू. वॉल्टर. अंगठी कशीही धरली तरी दोघं त्याच क्रमाने शेजारी येतात. सुलटी कोणती हे मलाही ठरवता आलं नाही, आणि मी कागदावर ती दोन अक्षरं काढून तासभर फिरवत बसले होते.

डोरोथीला सगळं कळवलं. धा पावलं, उगवतीचं अंग, चहा, काढली-भ्याले-सांभाळली, सगळं. 'म्हणतात' हा शब्द काढून टाकला. उत्तर यायला तीन आठवडे लागले. ती इस्पितळात होती. उत्तर जसं आलं तसं सांगते, कारण तुम्ही माझ्यापासून लपवलं नाहीत.

तिच्या आईने सत्तेचाळीस साली दुसरं लग्न केलं. माणूस चांगला होता. डोरोथीला त्यानेच वाढवलं, नाव दिलं. वॉल्टरचं नाव घरात कोणी काढत नसे. त्याचा एक फोटो ट्रंकेच्या तळाशी होता, तो आई गेल्यावर मिळाला. आई एक्याण्णवाव्या वर्षी गेली. तिला दुसऱ्या नवऱ्याशेजारी पुरलं आहे.

डोरोथी लिहिते, "इतकी वर्षं माझी आई तुमच्या शेतात माझ्या बापाशेजारी बसून होती, आणि आम्हाला कोणाला पत्ता नव्हता. मी खूप हसले, मग नर्सला बोलवावं लागलं. अंगठी तिथेच ठेवा. इथे ती कोणाच्याच बोटाची नाही. पण त्या बाईंना खरं सांगा. खरं कळल्यावर आईचा दगड त्यांना काढायचा असेल, तर माझी हरकत नाही."

सांगितलं. आता वहीत काय लिहायचं ते मला समजत नाही. सातवा दगड चूक ठरला का? हलवायचा का? पस्तीस वर्षांची नोकरी इथे उपयोगी पडत नाही.

आणखी एक. शेठजी परवा घरी आले. थर्माकोलचं विमान उंदरांनी खाल्लं म्हणाले. इंजिन माळावरच राहू दे, पावसाआधी वर छप्पर घाला, म्हणून गोदामाचे पत्रे पाठवत आहेत. कौतुक करू नका, जुने आहेत. समितीचा फोटो तिथे लागणार नाही, ही माझी अट त्यांनी मान्य केली. क्रेनवाला भरतच येईल. कोंबडी हलवून ठेवा.

शरयू


आणे
१५ जून

ताई यास,

पत्रे आले. भरतनं खांब रोवले. कोंबडी पुन्ना बसलीय, तिच्यासकट छप्पर घातलं.

अंगठी परत आत दाबली. नवा शेंदूर लावला. आता समद्यांना ठावं हाय आत काय हाय, म्हणून कुणी हात लावायचं न्हाई.

दगडाचं इचारलंत. दोन दिस मी बी इचार केला. कशाला हलवायचा? तिनं दुसरं घर केलं म्हंजी पयलं झालंच न्हाई असं हाय व्हय? बरं झालं नांदली. मी गेणभाऊच्या माघारी अकरा वर्सं काढली, मला म्हाईत हाय एकटीचं. दगड ऱ्हाऊ द्या. तिची जागा ती.

पर एक चुकलं आमचं. ती रांडव म्हणून आमी तिला ऐंशी वर्सं कुंकू लावलं न्हाई. आन् ती तर तिकडं नवऱ्याची बायकू व्हती! उगंच बिनकुंकवाची ठिवली बिचारीला. ते आता लावायचं.

मी लावाया न्हाई पायजे, माजं कपाळ मोकळं. भावकीतल्या बायका म्हणत्यात, दोन घरं केल्यालीला आमी न्हाई लावणार. बसा म्हणलं. मंग कोण ऱ्हायलं? तुमी. तुमी कुवार हाय. चौऱ्याहत्तर वर्साची का असंना, कुवारणीला समदं चालतं.

तुमची सोय लागली बघा. येत्या अमुशाला या.

चिमा


जुन्नर
२४ जून

चिमाबाई,

कुमारिका म्हणून आमंत्रण येण्याचं माझं वय उलटून साठ वर्षं झाली. तरी येते.

फळ्याचा मजकूर केला आहे. सहा जणांची नावं, त्यांची वयं, विमान पडल्याची तारीख. त्याखाली: 'सोपान यांनी अंगठी काढली, भ्याले, सांभाळली.' आणि त्याखाली: 'माणसं सहा. दगड सात. मोजणी बरोबर आहे.' डोरोथीला पाठवला. तिने उत्तर स्वतः लिहिलेलं नाही, नर्सने लिहून पाठवलं. 'पुरेसं आहे,' एवढंच.

अमावास्या ५ जुलैला, शुक्रवारी आहे. सकाळच्या एसटीने निघते. उतरल्यावर गुडघ्याने चालू दिलं तर धा पावलं मी स्वतः मोजणार आहे.

एक अडचण आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर कुंकू लावू देत नसत, पुढेही मी कधी लावलं नाही, माझ्या घरात ते नाही. तुमच्या घरात अकरा वर्षं नसणार. म्हणजे आपल्या दोघींत मिळून एक चिमूट नाही.

स्टँडवर जाताना बाजारपेठेतून घेऊन येते.

शरयू